हिराजीकाकांच्या नावाचं लॉगिन

हिराजीकाका गेल्याचा मेसेज कारखान्याच्या ग्रुपवर आला तेव्हा मी नौपाड्यात डोळ्यांच्या दवाखान्याबाहेर आईला घेऊन बसलेले. रविवारची सकाळ होती. काका चहा पिऊन अंगणात आले आणि खाली बसले ते बसलेच, असं नंतर कळलं. ग्रुपवर एकामागोमाग हात जोडलेले इमोजी येत होते. दहाव्यानंतर मानपाड्याच्या आमच्या शेडमध्ये सगळे पाच मिनिटं उभे राहिलो आणि निखिलसर, म्हणजे आमच्या मालकांचे चिरंजीव, आता तेच सगळं बघतात, ते बोलले. "काका जुन्या पिढीचे. कॉम्प्युटर काही त्यांना जमला नाही, पण हाताचे पक्के होते." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. त्या मानेचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी सांगते, लपवत नाही. मेकॅनिकलची डिग्री घेऊन सात वर्षांपूर्वी इथे डिझाइनला लागले तेव्हा आपल्याला सगळं येतं असं वाटत होतं. पहिला पार्ट काढला, सगळे कोपरे छान गोल केले आणि प्रिंट घेऊन मिलिंग मशीनवर गेले. मशीनवर हिराजीकाका. दहावी नापास, गाव इथलंच. आमची शेड जिथे आहे तिथे पूर्वी त्यांची भाताची खाचरं होती. "मी माज्याच शेतान कामाला येतो," असं ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवायचे. माझी प्रिंट त्यांनी उलटसुलट बघितली. "बरा हाय गो. पन ह्याला पकडू कुठं?" पार्ट शिकंज्यात धरायला दोन सपाट बाजू लागतात, आणि मी एकही ठेवली नव्हती. कॉलेजात चार वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. त्या दिवशी वाईट वाटलं. पुढे मात्र कुठलाही पार्ट काढायला घेतला की आधी तो टेबलावर बसणार कुठे आणि धरणार कुठे, हेच ठरवायची सवय लागली.

मग निखिलसर कुठलासा कोर्स करून आले आणि आमच्याकडे इंटरनेटवर चालणारं कॅड, म्हणजे पार्टची चित्रं काढायचं सॉफ्टवेअर, आलं. कॉम्प्युटरवर काही बसवायचं नाही, ब्राउजर उघडायचा आणि काढायचं. सेव्हसुद्धा आपोआप होतं. सगळी मांडणी मी केली. काकांनी विचारलं, "मंग काम र्‍हातं कुठं?" म्हटलं, दूर कुठेतरी काका, त्यांच्या मशीनवर. "म्हंजे भात आपला न् कोठार दुसऱ्याचं." नेट गेलं आणि पडदा गोठला की ते कोठाराला कुलूप लागलं म्हणायचे आणि पुन्हा मशीनवर जायचे. पण ते शिकले. जेवणाच्या सुट्टीत डबा दहा मिनिटांत संपवून माझ्या शेजारी स्टूल ओढायचे. चार महिन्यांत माझ्यापेक्षा नीट काढायला लागले, कारण ते पडद्यावरसुद्धा लोखंडच बघत होते. स्केचला सगळी मापं दिली नाहीत की रेघा निळ्या राहतात, माउसने ओढल्या तर सरकतात. मी ते चालवून घ्यायचे. काका नाही. "यो कोपरा हलतो. हलनारा कोपरा म्हंजे खोटं माप." कोपरे गोल करायचे ते अगदी शेवटी, हेही त्यांचंच. आधी केले आणि मग खालचं एखादं माप बदललं, की पडद्याच्या कडेची कृतींची सगळी यादी लाल होते आणि अर्धा दिवस दुरुस्तीत जातो. आणि यादीतल्या प्रत्येक कृतीला ते नाव द्यायचे. मराठीत. 'पाना फिरायला जागा', 'इथे हात कापेल'. मी हसायचे. आज कुठलाही जुना पार्ट उघडला तर काय आणि का केलं हे फक्त त्यांच्याच पार्टमध्ये कळतं.

आता माझी चूक. खातं निखिलसरांच्या नावाने उघडलेलं. प्रत्येकाला वेगळं लॉगिन करता आलं असतं, दोन मिनिटांचं काम. पण आपल्याकडे कसं असतं, एक पासवर्ड कीबोर्डखाली चिकटवला की सगळी शेड खूश. मीच म्हटलं, एकच ठेवूया, सोपं पडेल. काकांनी एकदा विचारलं होतं, "माजं नाव कुठं दिसतं गो ह्याच्यान?" मी म्हटलं, "काय गरज आहे काका, काम सेव्ह होतंय ना." शाळेत, कॉलेजात, प्रत्येक खिडकीवर आपलं नाव यादीत नाही म्हणून परत पाठवलेली मुलगी मी. आणि मी हे बोलले.

वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीच्या पॅकिंग मशीनला बाटली उचलणारा जबडा हवा होता. आधीचा जबडा बाटली पोटाला धरायचा. ती दबायची नाहीतर निसटायची. निखिलसर तेव्हा स्वतःच्या लग्नात. काकांनी तीन आठवडे डोकं लावलं आणि बाटली गळ्याखाली धरणारा, आतून तिरकी धार असलेला जबडा काढला. बसवला, चालला. प्रिंट काढली तर 'डिझाइन' या चौकटीत निखिलसरांचं नाव. सॉफ्टवेअरने खात्यावरून आपणहूनच भरलं. म्हणजे चोरी कोणी केली नाही, आणि तरी वस्तू गेली. काकांनी ती प्रिंट बघितली, चार घड्या घातल्या. "जाव दे. बाटली धरतंय ना." पुढे वागळेला जाऊन तो जबडा सरांनी समजावला, टाळ्या सरांना, आणि हळूहळू सरांनाही खरंच वाटायला लागलं असावं की आपणच केला...

काका गेल्यावर महिन्याभरात त्याच जबड्याची मोठ्या बाटलीसाठी मागणी आली. सर म्हणाले, नवीन प्रिंट काढ. मी म्हटलं, "चौकटीत काकांचं नाव टाकते."

"कशाला? हिस्टरी बघ ना. प्रत्येक बदल कोणी केला ते येतं त्यात."

मी त्यांच्यासमोरच उघडली. वरपासून खालपर्यंत निखिल, निखिल, निखिल.

"सर, ही तारीख बघा. ह्या दिवशी तुमची हळद होती. दुपारी सतरा बदल केलेत. हळदीच्या हाताने माउस धरलेला का?"

शेजारच्या टेबलावरचं कोणीतरी खोकलं. सर लाल झाले. "अगं, सिस्टिमच तशी आहे, मी काय करू?"

"सिस्टिम तशी मी लावली सर. त्याचं मी बघेन. पण हळद तुमची होती."

सरांनी तारखेची ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, "टाक. टाईप कर." मी टाईप केलं. हिराजी मढवी. आणि त्याच क्षणी हिस्टरीत सगळ्यात वर नवी ओळ आली. बदल करणारा, निखिल. इतका संताप आला मला, पण कोणावर काढणार? दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन मी शेडमधल्या पाचही जणांची वेगळी लॉगिनं केली आणि कीबोर्डखालचा कागद फाडला. हे वाचणाऱ्यांत कोणी अशा सॉफ्टवेअरवर काम करत असेल तर त्यांनाही सांगते, बाकी काही नंतर शिका, आधी प्रत्येकाचं लॉगिन करा. मशीनवरच्या माणसाचं सगळ्यात आधी.

प्रिंट घेऊन मी काकांच्या घरी गेले. काकी मोरीत कपडे भिजवत होत्या. हात पुसून बाहेर आल्या. मी चौकटीवर बोट ठेवून त्यांना नाव वाचून दाखवलं. त्यांनी कागद लांब धरला, मान हलवली.

"नाव छापलंस, बरा केलंस. पन यो कुनाचा ता मना कागदावर बघाला लागत नाय. थांब."

मोरीच्या खिडकीतून त्या काहीतरी घेऊन आल्या. कपड्याच्या साबणाची पिवळी वडी, सुरीने कोरलेली. तोच जबडा. आतली तिरकी धारसुद्धा.

"कॉम्पुटरवर काढाच्या आदी साबनान काढाचे. माज्या तेलाच्या बाटलीला लावून बघाचे. तीन वड्या वाया घालवल्या, मी भांडले पन. पयल्या दोन मी कपड्याला घासून टाकल्या. ही नाय."

वडी मी हातात घेतली. धार जिथे दोनदा चुकून मग बरोबर कापली होती तिथे तीन रेघा दिसत होत्या, आणि बाजूला अंगठा दाबून धरल्याचा खोलगट ठसा. काकींनी वडी माझ्या हातातून घेतली, परत खिडकीत ठेवली आणि दुसरी वडी घेऊन कपडे धुवायला बसल्या.