पाचवी गादी

दुपारी मुलांना झोपवताना मी आजही चुकून पाच गाद्या घातल्या. पाचवी सईची, पण ती जेवून साडेबारालाच घरी जाते. माझ्या पाळणाघरात जागा पाचच. एक बाई आपल्या मुलाला दिवसभर ठेवायचं म्हणतायत, उद्या उत्तर हवंय त्यांना. त्यांना हो म्हणायचं तर सईच्या आईला नकार द्यावा लागेल. सकाळपासून माझं कशात लक्ष नाही.

अर्ध्या दिवसाचं मूल पाहुणं असतं. सई 'मावशी, येते' म्हणते आणि मागे वळूनही बघत नाही. दिवसभर राहणारा ओम मात्र झोपेतून उठला की मला 'आई' अशी हाक मारतो. पूर्वी मी 'मावशी म्हण' सांगायचे. आज त्याने हाक मारली आणि पाचव्या गादीची घडी घालता घालता मी ओ दिली.