खोटी हाळी

माणूस गेलं तरी त्याचा आवाज कानात राहतो म्हणतात. झूट आहे. माझी बायको जाऊन अजून वर्ष व्हायचं आहे आणि मला तिचा आवाज आठवत नाही. शब्द आठवतात, शिव्या आठवतात, कुठल्या वेळी काय बोलली असती ते आजही सांगेन. आवाज मात्र नाही. आणि तोच आवाज एकदा फितीवर उतरला होता. ज्यानं तो पुसला तो माझा सख्खा धाकटा भाऊ. त्याच्या तोंडावर मी हे बोललेलो आहे, तेव्हा इथं लिहायला मला लाज वाटत नाही.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगराच्या अंगाला. नदीपलीकडे समोर दुसरी वाडी. बघायला गेलं तर तिथली चूल पेटलेली दिसते. पण जायचं म्हटलं तर सगळा उतार उतरा, नदी ओलांडा, पुन्हा चढा. दिवस मोडतो. म्हणून सांगावा हाळी देऊन जायचा. आमच्या घरामागं एक कातळ पुढं आलेला आहे, त्यावर उभं राहून ओरडायचं. सगळ्यांचा आवाज पोचत नाही. माझा तर खालच्या ओढ्यातच पडायचा. हिचा पोचायचा. लग्न होऊन आली तेव्हा कोवळी पोर होती, पण बघता बघता दोन्ही वाड्यांची हाळी तिच्याकडे आली. कशेडीत दरड पडली, येष्टी येणार नाही. देवी टोचणारा उद्या येतोय. कुणाचा बाप गेला, कुणाची म्हैस सुटली. पदर खोचायची, एक हात कानामागं धरायची आणि आधी नुसतं "ओऽऽऽ". पलीकडून "ओ" आला की मग बातमी. तीही तुकड्यातुकड्यानं, आधीचा आवाज डोंगरात विरला की पुढचा.

नेम एकच, पण कडक. खोटी हाळी द्यायची नाही. मस्करीतसुद्धा नाही. हाळी आली की माणूस हातातलं टाकून धावतो, त्याला फुकट धाववायचं नाही.

आईबाप लवकर गेले, म्हणून भावाला हिनंच वाढवला. महाडला नात्यातल्यांकडे राहून तो मॅट्रिक झाला आणि मुंबईला कॉलेजात गेला. साठ सालानंतरची गोष्ट. तिथं संध्याकाळी रेडिओवर कसं बोलायचं ते शिकवणारा वर्ग होता, त्यात त्यानं नाव घातलं. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. बोलायला शिकवतात, हेच मला पटेना.

मे महिन्यात घरी आला तो गळ्याला मफलर गुंडाळून. घामानं निथळतोय, पण मफलर सुटत नाही. दही नको, तिखट नको, सकाळी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. दातांत पेन्सिल धरून गोठ्यात उभा राहायचा आणि मोठमोठ्यानं वाचायचा.

"भावजी, म्हशीला काय सांगताय?" ही विचारायची.

"बातम्या, वैनी. सराव करतोय."

"जरा बेतानं सांगा. दिल्लीचं ऐकून आटायची ती."

मग तो हिला शिकवायला लागला. "वैनी, 'हाय' नाही, 'आहे' म्हणावं."

"बरं बाबा. भाकरी आहे, कालवण नाय. बसा जेवायला."

त्या सुट्टीत त्यानं वर्गाचं यंत्र मागून आणलं होतं. पेटीएवढं, सेलवर चालणारं, वर दोन चाकं आणि त्यांवर फीत. मास्तरांनी सांगितलं होतं, दुसऱ्या कुणाच्या गावात नसेल असा आवाज आपापल्या गावाहून आणा. यानं देवळाची घंटा घेतली आणि पुसली. बैलांच्या गळ्यातली घुंगरं घेतली, तीही पुसली. "सगळेच हे आणतील," म्हणाला. फीत एकच होती. नवीन घेतलं की जुनं जायचं.

शेवटी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "वैनी, एक हाळी दे."

"कशाची?"

"कशाचीपण. पाऊस आला म्हण."

"आणि पलीकडच्या बाया वाळवणं गोळा करायला धावल्या म्हंजे? त्यांना काय सांगू, आमच्या भावजीचा अभ्यास चाललाय? खरं काय झालं तर देईन. तवर बसा."

बसला. यंत्राशेजारी तोंड पाडून बसला. आमच्या शेजारची मुलगी पलीकडच्या वाडीत दिलेली होती, ती बाळंतपणाला माहेरी आली होती. एका सकाळी ती सुटली. ही तिकडूनच ओल्या हातांनी कातळाकडे निघाली आणि जाता जाता म्हणाली, "आता लावा तुमचं यंत्र."

"ओऽऽऽ!"

"ओऽऽ!"

"सुटली होऽऽ! पोरगी झालीऽऽ!"

पलीकडं बाळंतिणीचा नवरा उभा होता. "दोघी बऱ्या हायत काऽऽ?"

"बऱ्या हायतऽऽ! पोरगी तुझ्यावर गेलीऽऽ! नाक फेंदरं हायऽऽ!"

आणि हसली. पलीकडची वाडीही हसली, ते हसणंसुद्धा बारीक होऊन फितीत आलं. भावानं तिथंच कातळावर वाजवून दाखवलं. हिनं तोंडावर पदर घेतला. "कोण ही बया? केवढ्यानं बोंबलतेय." मग पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं आणि विचारलं, "हे असंच राहील, भावजी?"

"राहील की, वैनी. आपण नसलो तरी राहील."

हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

दिवाळीला तो परत यंत्र घेऊन आला. मास्तरांनी हाळी वर्गात दोनदा वाजवली, असं सांगत आला. "उद्या सगळ्यांना बोलाव, वैनी. ऐकवू." ही तशीच उठून कातळावर गेली. "उद्या याऽऽ! पोरीला घेऊन याऽऽ! तिच्या जन्माची हाळी यंत्रात हायऽऽ!"

भातकापणीचे दिवस. तरी कापलेलं तसंच टाकून माणसं आली. ती बाळंतीण लेकीला छातीशी धरून नदी ओलांडून आली. तिच्या आंधळ्या सासूला दोघांनी झोळीत घालून आणलं. सासूला नातीच्या जन्माची हाळी परत ऐकायची होती. हिनं अंगण सारवलं होतं, सगळ्यांना फराळ दिला. भाऊ घसा साफ करून उभा राहिला आणि त्यानं बटण दाबलं.

यंत्रातून तोच बोलायला लागला. बातम्या. कुठले तरी मंत्री कुठं तरी गेले, कसलं तरी उद्घाटन झालं. शुद्ध, गुळगुळीत, एका लयीत. लोकांनी मान देऊन ऐकलं. चाक फिरून संपलं तेव्हा पोरीच्या बापानं विचारलं, "आणि हाळी?"

"ती गेली," भाऊ म्हणाला. "आता रेडिओवर आवाजाची परीक्षा आहे माझी, काल रात्री सरावाला टेप लागली. पण हे कसं वाटलं? अगदी रेडिओसारखं आहे ना? हाळी काय, घरचीच. वैनी कुठं पळून जातेय? परत घेऊ."

मग पोरीचा बाप हसला. वाईट मनानं नाही, गप्पपणा मोडायला. "काय गो वैनी, खोटी हाळी दिलीस ना?"

सगळे हसले. हीपण हसली. पण तिचा हात पदराकडे गेला आणि तिथंच राहिला. मी यंत्र उचललं. नदीत फेकणार होतो, भावालाही मागोमाग. हिनं माझं मनगट धरलं. "सण हाय. पोर हाय ते." ते पोर कॉलेजात शिकत होतं. ज्या बाईनं त्याच्या तोंडात घास घातला तिला खोटं पाडून उभं होतं, आणि त्याला ते कळतसुद्धा नव्हतं.

पुढच्या हाळीला पलीकडून जबाब आला, "खरी का खोटीऽऽ?" त्याच्या पुढच्यालाही. गंमतच होती. पण शिमग्यापर्यंत हिनं कातळावर जाणं सोडलं. घसा बसतो म्हणायची. घसा ठणठणीत होता, म्हशीला शिव्या देताना मी ऐकत होतो.

भाऊ परीक्षा पास झाला, रेडिओवर लागला. महाडच्या हॉटेलात त्याचा आवाज, पोलादपूरच्या न्हाव्याकडे त्याचा आवाज. लोक म्हणायचे, काय गोड बोलतो हो तुमचा धाकटा. मी अर्धा चहा टाकून उठायचो. ही मात्र पंचायतीच्या रेडिओखाली जाऊन उभी राहायची आणि घरी येऊन सांगायची, "भावजी आज दमल्यासारखं वाटलं." मी तिला मूर्ख म्हणायचो. दर सुट्टीला भाऊ म्हणायचा, "वैनी, या खेपेला घेऊ." मग त्याचं लग्न झालं, बदल्या झाल्या. यंत्रं लहान होत होत साबणाच्या वडीएवढी झाली. घेतलं नाही ते नाहीच.

हिच्या दहाव्याला आला. म्हातारा झालाय, पण आवाज तसाच आहे. सावित्रीच्या काठावर वैनीबद्दल बोलला. बायकांनी डोळे पुसले, मी दात आवळून उभा होतो. पिंड ठेवून आम्ही मागं सरलो, तेव्हा तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "दादा, कावळा अडला तर मी बोलतो. तिचं काय राहिलंय ते मला ठाऊक आहे."

"बोल ना," मी म्हटलं. "काय सांगशील? परत घेऊ?"

त्याचं तोंड उतरलं. तेवढ्यात कावळा आला आणि काही आढेवेढे न घेता पिंडाला शिवला. लोक म्हणाले, भाग्याची बाई. भाऊ रडायला लागला. "बघ दादा, वैनीनं मनात धरलं नव्हतं."

"तिनं कधीच धरलं नव्हतं," मी म्हणालो. "मी धरलंय. माझा पिंड ठेवशील ना, तवा बघ. कावळा कसा येत नाय तो."