बाबांच्या आंघोळीसाठी झाडं

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता माझे वडील न्हाणीत घसरले. आमची न्हाणी घरामागे, विहिरीला लागून. तीन बाजूंना छातीएवढ्या चिऱ्याच्या भिंती, वर आभाळ आणि खाली कायमचं शेवाळ. बाबांचं वय ऐंशीच्या पुढे. उजवं मनगट मोडलं, प्लास्टर घातलं आणि डॉक्टरांनी मला बजावलं, "ह्यांना परत तिथे जाऊ देऊ नका."

घरात आम्ही दोघंच. आई जाऊन सहा वर्षं झाली, भाऊ मुंबईला असतो आणि मी कट्टा गावच्या शाळेत विज्ञान शिकवते. भावाने आणि मी मिळून पडवीच्या टोकाला नवं बाथरूम बांधून घेतलं. पांढऱ्या टाइल्स, गीझर, पाय न घसरणारी फरशी, धरायला स्टीलचा दांडा. गवंड्याने सुद्धा जाताना त्याचा फोटो काढून नेला.

बाबांनी दारातूनच आत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "बरा झाला. पावण्यांका उपयोगी पडतला."

"बाबा, ह्या तुमच्यासाठी बांधलंय."

"माका नको गो. तीस वर्सां जहाजावर लोखंडाच्या डब्यात आंगूळ केलंय. आता म्हातारपणात परत डबो?"

बाबा मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होते. त्या डब्याच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण त्यांच्यासाठी तसाच दुसरा डबा मीच बांधीन असं काही वाटलं नव्हतं.

तरी माझ्या धाकाने ते रोज आत जायचे. दार लावायचे, पाण्याचा आवाज यायचा, पाच मिनिटांनी पंचा खांद्यावर टाकून बाहेर. आठवडाभर मी समाधानात होते. मग शेजारची काकी एका सकाळी पडवीत बसली असता नाक मुरडत म्हणाली, "गो बाय, तुज्या बापाशीक आठ दिसांपासून वास येता."

मी जाऊन साबण पाहिला. कागदातून काढला तेव्हा त्यावर जी अक्षरं होती ती जशीच्या तशी होती. बाबा नळ सोडून स्टुलावर बसत होते, पंचा भिजवत होते आणि बाहेर येत होते.

रागावायचं ठरवून मी त्यांच्यासमोर बसले, पण त्यांनी मान खाली घातली तशी मलाच पोरीसारखं विचारावंसं वाटलं, "थंय असा काय होता, जा हंय नाय?"

जुन्या न्हाणीच्या दिशेने बघत ते म्हणाले, "थंय हिरवा होता."

एवढंच ना? मी विज्ञानाची बाई. पुढच्या रविवारी स्कूटर काढली आणि सावंतवाडीच्या एका नर्सरीत गेले.

नर्सरीवाला शांत स्वभावाचा माणूस. मी म्हटलं, बाथरूमसाठी झाडं हवीत. त्याने आधी विचारलं, "बाई, खिडकी खंयच्या बाजूक आसा? उजेड किती येता?" मी बराच येतो म्हणून सांगितलं. खरं तर खिडकी वहीच्या पानाएवढी होती आणि तिच्यासमोर फणस उभा होता. त्याने मला मनी प्लँट, स्नेक प्लँट आणि पांढऱ्या फुलाची पीस लिली काढून दिली. तेवढ्यात मला एक गुबगुबीत पानांचं निवडुंगासारखं रोप दिसलं. छोटंसं, गुलाबासारखं उमललेलं. मी तेही मागितलं.

"ता नेव नकात. त्याका पाणी सोसणा नाय. बाथरुमात कुसान जातला."

"मी त्याला पाणी घालणारच नाही," मी शास्त्रीय आत्मविश्वासाने म्हणाले.

पाणी मी घातलं नाही, पण हवेने घातलं. आमच्याकडे कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तिथे ते बिचारं काय करणार? दहाव्या दिवशी उचलायला गेले तर पानं बोटांत आली, शिळ्या शिऱ्यासारखी. शाळेत मी वाळवंटी वनस्पतींचा धडा दरवर्षी शिकवते. ही गोष्ट मी वर्गात सांगितली नाही.

बाकीची तीन मात्र कामाला आली. बाबा खरंच आंघोळ करू लागले. साबण झिजला, काकीने नाक मुरडणं थांबवलं. स्नेक प्लँट बघून ते म्हणाले, "केवड्यासारख्या दिसता, वास तेवडो विसरलो वाटता." मनी प्लँटला ते अधूनमधून दांड्यावर चढवायचे. पण पीस लिली दिवसेंदिवस मान टाकत चालली. पडवीत आणून ठेवली की दोन दिवसांत ताठ, परत आत नेली की आडवी. मी माती बदलली, खत घातलं, बल्ब बदलला, शेवटी तिच्यासाठी एका वहीत निरीक्षणं लिहायला सुरुवात केली.

मग एके दिवशी बाबा आंघोळीला गेले असता वीज गेली आणि ते पंचा न घेताच, लुंगी गुंडाळून बाहेर आले. "गरम पाणी येणा नाय," म्हणाले. गीझर बघायला मी आत गेले तर पीस लिली नवरीसारखी घुंघट घेऊन बसलेली. तिच्यावर ओला पंचा होता, आणि तो ज्या सराईतपणे टाकला होता त्यावरून हे रोजचंच असावं.

"बाबा, ह्या काय?"

ते दारात अवघडून उभे राहिले. "गो, ता फूल सारख्या माज्याकडेच बगता."

"झाड बघतं कसं?"

"तू नीट बग. डोक्यावर पदर घेवन उबी रवलेली बायलमाणूसच ती. तिच्यासमोर कसा न्हावचा?"

मी बघितलं. पांढरं, मागे डोक्यावरून आलेलं ते एकच पान आणि त्यात मधोमध उभा दांडा. कबूल करते, त्यानंतर मलाही तिच्यासमोर कपडे काढवेनात.

"मगे विहिरीवर तुमका लाज वाटा नाय? थंय कितकी झाडा होती!"

"थंयली झाडा आपल्या कामात असतत," बाबा म्हणाले. "ह्येका काम ना धंदो. नुसता बगत बसता."

लिलीला कायमचं पडवीत नेऊन ठेवलं. तिची जागा रिकामी राहिली आणि मी परत सावंतवाडीला जायचा विचार करू लागले. पण शनिवारी शाळेतून आले तेव्हा बाबा घरात नव्हते. मागे गेले तर हे विहिरीच्या कठड्यापाशी बसलेले, प्लास्टरचा हात छातीशी, डाव्या हाताने चिऱ्यांच्या फटीतून नेचे सोडवत होते. नेचे म्हणजे पाखराच्या पिसासारखी पानं असलेली ती रोपं. आम्ही ती दर दसऱ्याला उपटून टाकतो. शेजारी तीन करवंट्या मांडलेल्या, प्रत्येकीला बुडाशी भोक पाडलेलं. एका हाताने भोक कसं पाडलं, हे त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही.

मी ओरडणार होते. पण त्यांच्या कपाळावर घाम होता आणि ते स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होते. आई गेल्यापासून मी ते ऐकलं नव्हतं. मी खाली बसले आणि करवंट्यांत माती भरू लागले.

नेचे असे फोफावले की विचारू नका. उजेड कमी, ओल भरपूर आणि बाबांची रोज अर्धा तास आंघोळ. नेच्यांना हेच हवं होतं. महिन्याभरात तीन करवंट्यांच्या सात झाल्या. त्यांच्याबरोबर अंगठ्याएवढा एक बेडूकही आला आणि तो दांड्यावर राहू लागला. पहिल्या सकाळी मी किंचाळत बाहेर आले. बाबा म्हणाले, "त्येका काय करू नको. तो खालीच बगता."

वयामुळे हाड जुळायला फार वेळ लागला. शेवटी प्लास्टर निघालं त्या दिवशी भावाने व्हिडिओ कॉल केला. त्याला हात बघायचा होता. बाबा फोन घेऊन थेट बाथरूममध्ये गेले आणि एकेक करवंटी त्याला दाखवू लागले. हे नवं पान, हे कालचं, हे अजून गुंडाळलेलं. मी बाहेरून ऐकत होते. भाऊ आधी "हां बाबा, हां बाबा" करत होता.

"बाबा," शेवटी तो म्हणाला, "माका एक धाडशात?"

गावातलं कोणीतरी मुंबईला निघालं होतं. त्यांच्याबरोबर बाबांनी केळीच्या पानात गुंडाळून एक करवंटी पाठवली. भावाने ती हौसेने बाल्कनीत उन्हात ठेवली आणि चार दिवसांत तिचा पापड झाला. ते सांगताना तो इतका ओशाळला होता की मलाच त्याची कीव आली.

बाबा अजिबात रागावले नाहीत. "त्येका सांग, न्हाणीत ठेवूक होया," ते म्हणाले आणि दुसरी करवंटी शोधायला मागच्या दारी गेले.