शेजारणीचा घोडा मी रंगवला तेव्हा

क्राइस्टचर्चमध्ये ट्रामचे रूळ जिथे समुद्रापाशी संपायचे, तिथे आता गाड्या लावायला जागा केली आहे. धुकं पडलं की मी नातीला घेऊन मुद्दाम तिथे जाते. धुक्यात डांबर दिसेनासं होतं आणि मी कधीच न पाहिलेली बाग मला दिसू लागते.

ती दाखवली शेजारच्या म्हातारीने, नुसत्या बोलण्यातून. रविवारीही लोकांनी ट्रामचं तिकीट काढावं म्हणून ट्रामवाल्यांनीच ती करमणुकीची बाग उभारलेली. तिचे वडील ट्राम चालवायचे. शेवटच्या थांब्यावर आधी बँड ऐकू यायचा, मग खारा वारा आत शिरायचा. पुढे घरोघरी मोटारी आल्या, लोक लांब लांब जायला लागले आणि बागेत वाळू साचत गेली. सामान विकायला काढलं तेव्हा वडिलांनी मेरी-गो-राउंडचा एक लाकडी घोडा घरी आणून स्वतः रंगवला. त्यांच्या हातचं तिच्याकडे तेवढंच उरलं होतं.

आणि तो घोडा तिने उसना दिला कुणाला, तर मला! तिशीची मी, नागपूरहून नुकतीच आलेली, अक्कल नुसती उतू जात होती. लेकीला आमच्याकडचा तान्हा पोळा, पोरांनी लाकडी बैल मिरवायचा सण, करून दाखवायचा होता, पण बैल इथे कुठून आणणार?

"अगं, घोड्याचा बैल करतेस?" नवरा म्हणाला.

"चार पाय आहेत ना? झालं तर!"

म्हातारी एवढंच म्हणाली, "जपून हं, डिअर."

आता, शेजारणीचं भांडं रिकामं परत करू नये ही माझ्या आईची शिकवण. घोड्याच्या रंगाचे पोपडे निघालेले. मग बाईसाहेबांनी ठरवलं, परत द्यायचा तो नवा करूनच! पॉलिश पेपरने खसाखसा घासला. लाल झूल, पिवळी आयाळ, अंगभर निळे ठिपके काढले. लेकीकडून ओवाळून घेतला आणि शाबासकी मिळवायला म्हातारीला गराजमध्ये बोलावलं.

ती घोड्याच्या मानेवरून हात फिरवत राहिली, अंधारात काही चाचपावं तसा.

"करडा होता," ती म्हणाली. "डॅडनी दिलेला रंग. खाली आहे का अजून?"

मी कोपऱ्यातल्या केरभरणीकडे पाहिलं. करड्या भुकटीने ती भरली होती.

"नाही," मी म्हटलं.

"आजी, वॉज शी मॅड?" नात विचारते.

मॅड? महिनाभर कुंपणापलीकडून नुसतं "मॉर्निंग" यायचं. मी लाडू पाठवले, तिने ते खाल्ले, तरी "मॉर्निंग"च.

मग एका दुपारी तिने हाक मारली. घोडा तिच्या व्हरांड्यात उभा होता आणि तिच्या हातात बारीक ब्रश.

"हे डोळे घोड्याचे नाहीत."

"बैलाचे आहेत," मी कबूल केलं. "मला तेवढेच येतात."

ती हसली नाही. काळ्या रंगाचा डबा माझ्या हातात देऊन खाली बसली. एक डोळा तिने सावकाश, वडिलांनी काढला होता तसा काढला. दुसऱ्याकडे बघून म्हणाली, "हा तुझा राहू दे."

रंग वाळेपर्यंत ती बागेबद्दल बोलत होती. आणि मी, जन्मात पहिल्यांदा, मध्ये तोंड घातलं नाही.