चार आरोप, चार उत्तरं

मी कोर्टात स्टेनो. जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सत्र न्यायाधीश सांगायचे आणि मी टाइप करायचे. सिनेमात दाखवतात तशी बारा जणांची ज्युरी आपल्याकडे नसते. निकाल एकट्या माणसाने द्यायचा असतो, आणि तो कसा ठरतो हे मी जितक्या जवळून पाहिलं तितकं वकिलांनीही पाहिलेलं नाही. हे मी खात्रीने सांगते.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षीची केस. देवळाली प्रवराकडचे दोन चुलतभाऊ. कालव्याच्या चारीवर पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं आणि थोरल्याने धाकट्याच्या हातावर फावडं मारलं. मनगटाचं हाड मोडलं. आरोप मात्र चार लागले: खुनाचा प्रयत्न, गंभीर दुखापत, घरात घुसणं आणि जिवे मारण्याची धमकी. धाकट्याने चारही आरोपांना पुरेल अशी साक्ष दिली. वार डोक्यावरच होता, हात आडवा घातला म्हणून वाचलो, असं तो म्हणाला. त्याला अजून मूठ नीट वळवता येत नव्हती. टाइप करता करताच मी मनात निकाल देऊन टाकला होता.

मग त्याची बायको पिंजऱ्यात आली. तिशीतली, उन्हाने रापलेली, डोक्यावरचा पदर घट्ट धरलेली. आरोपीच्या वकिलांनी उलटतपासणी सुरू केली.

“किती वार केले?”

“एकच.”

“डोक्यावर?”

“न्हाई. ह्यांनी चारीचं दार धरलं हुतं, त्या हातावर मारलं. मंग त्यानंच फावडं फेकून दिलं आन् मटकन खाली बसला.”

“तुमच्या घरात कधी घुसला?”

मागच्या बाकावर तिचा मोठा दीर, नवऱ्याचा सख्खा भाऊ, बसला होता. तिने तिकडे पाहिलं नाही.

“घरी न्हाई आला. झालं ते चारीवरच झालं. घराचं लिहिलं म्हंजी केस पक्की हुईल, असं लोक म्हन्ले.”

“आणि धमकी?”

“आरडाओरड लई हुती. कोन काय म्हन्लं, ते मला न्हाई सांगता यायचं.”

सरकारी वकिलांचा चेहरा उतरला. माझी बोटं चालत होती, पण मला तिचा राग आला होता. नवऱ्याचा हात मोडलाय आणि ही बाई आरोपीला सोडवते आहे!

युक्तिवादाच्या दिवशी आरोपीचे वकील म्हणाले, साक्षीदारांनी घराबाबत खोटं सांगितलं, तेव्हा सगळीच केस खोटी धरा. सरकारी वकील म्हणाले, घटना एक, माणूस एक, चारही आरोपांत शिक्षा द्या. दोघांनाही एकच उत्तर हवं होतं.

दुपारच्या सुट्टीनंतर साहेबांनी मला चेंबरमध्ये बोलावलं. निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे गृहस्थ. मी न राहवून म्हटलं, “सर, आता सगळंच बारगळलं ना?”

“सगळंच म्हणजे काय?” त्यांनी चार कोरे कागद काढले, प्रत्येकावर एकेक आरोप लिहिला आणि माझ्यापुढे ठेवले. “आता साक्षी वाचा. ज्या कागदाचं असेल तेवढंच त्या कागदावर लिहायचं. या कागदावरचं त्या कागदावर न्यायचं नाही.”

मी वाचत गेले, ते सांगत गेले. घराच्या कागदावर शेवटी नवऱ्याचा शब्द उरला, आणि त्याला बायकोनेच काट मारलेली. धमकीचंही तेच. खुनाच्या प्रयत्नाच्या कागदासाठी साहेबांनी बायकोची साक्ष पुन्हा वाचायला लावली. वार एक, तोही हातावर, आणि पुन्हा मारायला कुणी अडवलेलं नसताना फावडं फेकलेलं. “जीव घ्यायचा होता असं म्हणायला मला जागा नाही,” ते म्हणाले. दुखापतीचा कागद मात्र भरून गेला होता. डॉक्टर, एक्स-रे, नवरा, बायको, सगळे एकाच बाजूला.

“फिर्यादीत घराबद्दल खोटं लिहिलं, म्हणून त्यांचं बाकीचंही टाकायचं का?” मी विचारलं.

“खोटं होतं ते तिनंच दाखवून दिलं. तेवढं बाजूला काढायचं. बाकीचं तपासून पाहिलं, ते टिकतंय.”

तेव्हा माझा राग कशाचा होता ते मला नीट कळलं. मला एका झटक्यात पार पडणारा न्याय हवा होता.

निकालाच्या दिवशी साहेबांनी चार मुद्दे वाचले. नाही. होय. नाही. नाही. गंभीर दुखापतीसाठी दोन वर्षं. थोरल्याने मान खाली घातली, त्याच्या आईने तोंडाला पदर लावला.

व्हरांड्यात मोठा दीर त्या बाईवर ओरडला, “तुझ्यामुळं सुटला त्यो!”

“सुटला कुठं?” ती म्हणाली. “हात मोडला त्याची सजा लागलीच की. न्हाई केलं त्याची कशाला लावायची?”

नवरा शेजारीच उभा होता. तिच्या हातातली पिशवी त्याने चांगल्या हातात घेतली आणि दोघं एसटी स्टँडकडे चालू लागले.

अपिलाची मुदत संपेपर्यंत मी मुद्दाम चौकशी करत राहिले. अपील कुणीही केलं नाही, ना ज्याला शिक्षा झाली त्याने, ना ज्याचा हात मोडला त्याने.