बाळंतपणातला गोरेपणा

लढाई चालू होती, मालक पलटणीत होते आणि मी पहिल्या बाळंतपणाला रहिमतपूरला माहेरी आले होते. मुलगी झाली. अंगावरून रक्त फार गेलं, पण थोड्या दिवसांनी मी उठून बसू लागले, तेव्हा सगळ्यांनी ते मनातून काढून टाकलं.

त्यानंतर मी गोरी होऊ लागले.

शेजारणी बाळाला बघायला येत आणि मलाच बघत बसत. आईला वाटे, डिंकाच्या लाडवांचा गुण. मी जन्माची काळी. लग्नात माझ्या रंगाबद्दल सगळे शहाण्यासारखे गप्प राहिले होते. आता मात्र मी उठसूट आरशात बघायची. चार पावलं टाकली की धाप लागे, कानात जातं फिरल्यासारखी घरघर चाले. गोऱ्या बायका नाजूकच असतात, अशी मी स्वतःची समजूत घातली. चुलीची भाजकी माती खावीशी वाटे, ती तेवढी चोरून खायची.

मालक रजेवर आले. रंग उठून दिसावा म्हणून मी मुद्दाम गडद हिरवं लुगडं नेसले. त्यांनी लेकीला घेतलं, मग माझ्याकडे बघत राहिले. कौतुकाचा शब्द येईल म्हणून मी मान खाली घालून थांबले. त्यांनी माझा हात धरून नखं बघितली आणि आईला म्हणाले, "आवं, ही गोरी न्हाई झाली. हिच्या अंगात रगतच न्हाई. लष्कराच्या इस्पितळात अशी माणसं बघितल्यात मी. समदी उठली न्हाईत त्यातली."

आई माझा हात ओढून नखं बघू लागली. मला मात्र राग आला. एवढी गोरी झाले आणि यांना बघवत नाही, असं मनात म्हणत मी तणतणत उठले आणि उंबऱ्यातच कोसळले. डोळे उघडले तर डोकं मालकांच्या मांडीवर आणि समोर वडील. लाजायचंही बळ नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आगगाडीनं कराडला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि माती खातेस का, असं विचारलं. मी ठाम नाही म्हटलं. तेवढ्यात पदराची गाठ सुटली आणि चुलीचे खडे त्यांच्या पायाशी पडले. ते हसले नाहीत. बाळाला बाधेल म्हणून बंद केलेल्या पालेभाज्या त्यांनी आईला पुन्हा सुरू करायला लावल्या, बोकडाचं काळीज खायला सांगितलं आणि लोहाचं औषध दिलं. दातांना लागू नये म्हणून ते नळीनं ओढायचं होतं. आईनं पपईच्या देठाची नळी करून दिली. पोरासारखं काय ओढायचं, म्हणून मी पेल्यानंच प्यायले.

मालक परत निघाले त्या दिवशी मी ठेसनावर तोंडाला पदर लावून उभी होते. ते खिडकीतून हळूच म्हणाले, "एवढी रडू नगंस." मी रडत नाही, हे सांगायला पदर काढला आणि माझे काळेकुट्ट दात बघून ते डब्यात इतके हसले की लोक वळून बघायला लागले. मीही हसले. गाडी हलली तेव्हा मात्र खरंच रडले.

बरं व्हायला पावसाळा उजाडला. नखं गुलाबी झाली, दूध वाढलं, लेक अंगानं भरली. मीही होते तशी काळी झाले, आणि त्याचं जरा वाईट वाटलंच.