आपणहून ठाण्यात आलेला बंदूकवाला

ती गोष्ट अजून डोळ्यासमोरून हलत नाही. वर्धा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता आणि मी आर्वीच्या ठाण्यात जमादार. शिक्षण चौथी नापास. पण माझ्यासमोर आरोपी गप्प राहून सुटला, असं कोणी दाखवून द्यावं.

खबऱ्यानं खबर आणली. एका शेतकऱ्याची बंदूक दुरुस्तीला गेलेली, तरी त्याच्या शेतात बार होतात. म्हणजे दुसरी बंदूक, बिनपरवान्याची. ज्वारी हुरड्यावर होती, रानडुकरं माजली होती. झडती घेतली, काही मिळालं नाही. त्याला ठाण्यात आणलं.

"बंदूक कोनं देल्ली?"

"कोनती बंदूक, जमादारसाहेब? फटाके फोडून राह्यलो मी."

"ज्वारीत दिवाई हाय काय तुह्या?"

दुपार झाली. तो हटेना आणि मी तर हटणारा नव्हतोच.

तेवढ्यात बाजारात बंदुकांचं परवान्याचं दुकान चालवणारा बंदूकवाला पायऱ्या चढून आला. त्याला बोलावलं नव्हतं, त्याच्यावर संशयही नव्हता. अख्खं घर त्या एका दुकानावर. म्हणाला, "याच्या बंदुकीचा घोडा मोडला. पीक जाईन म्हून दुकानातली देल्ली. तिचा परवाना याच्याजवळ नाई. चूक माही हाय, लिहून घ्या."

शेतकरी उसळला, "शेठजी, काऊन आले तुमी? मेलो असतो तरी नाव नसतं घेतलं!"

"म्हून तं आलो ना, बाप्पा."

कडब्याच्या गंजीतून बंदूक निघाली. पंचनामा झाला. दुकान जाणार, कदाचित कैदही होणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी त्यानं पंचनाम्यावर सरळ सही केली. मी पाहतच राहिलो.

प्रकरण जिल्ह्याच्या साहेबांकडे गेलं. त्यांनी बंदूक जमा केली, दोघांना कडक तंबी दिली आणि दुकानाचा परवाना कायम ठेवला. मी अडून बसलो, "साहेब, गुन्ह्याला सूट कशी?"

साहेब म्हणाले, "जमादार, उद्या दुसरा कोणी आपणहून यायला हवा की नको?"

सलाम ठोकला, पण पटलं नाही. वाटलं, बाजार आता आमच्यावर हसेल.

पुढच्याच महिन्यात दुसऱ्या गावचा एक बंदूकवाला आला. परवाना संपलेल्या माणसाला आपल्याच दुकानातून काडतुसं विकली गेली, हे सांगायला. त्यालाही कोणी बोलावलं नव्हतं.

चौकशीत मी पुष्कळांना बोलतं केलं. पण खरं असं स्वतःच्या पायानं ठाण्याच्या पायऱ्या चढून येतं, हे मला त्या दोघांनी दाखवलं. साहेबांशिवाय कोणासाठी खुर्ची न सोडणारा मी, हा दुसरा आला त्या दिवशी उठलो आणि त्याला म्हणालो, "बसा, शेठजी."